एका दिवसात डोंगर आणि बोट दोन्ही? वासोटा करा, पण दिवस परतीच्या बोटीपासून मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडची दोन कुटुंबं, मिळून ८ जण, त्यात ६४ वर्षांचे बाबा आणि ११ वर्षांची मुलगी. डिसेंबरातला एक दिवस काढायचाय, डोंगर चढायचाय, तलावात बोटीतही बसायचंय आणि रात्री घरी येऊन झोपायचंय. कोणी लोणावळ्याजवळचा पवना तलाव सांगतंय, कोणी साताऱ्यापलीकडचा, कोयनेच्या जंगलातला वासोटा किल्ला. काय करावं?

वासोटा करा. मी गेली २२ वर्षं पुण्यातून ग्रुप घेऊन सह्याद्रीत फिरतोय, वासोट्याला किती वेळा गेलो ते मोजायचं कधीच सोडून दिलं, आणि तरी थंडी पडायला लागली की पहिली आठवण शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या तलावाच्या, पाण्याचीच येते. पवनेला तुम्ही तिकोना किंवा तुंग किल्ला चढाल, खाली याल, मग बोटीत एक चक्कर माराल, छानच आहे, जवळही आहे, पण ती दोन वेगळी कामं झाली. वासोट्याला आपल्या बाजूने जायचं तर बोटीशिवाय पायथाच गाठता येत नाही. तलावाकाठच्या बामणोली गावाला पाण्यात शिरायचं, पलीकडे थेट जंगलात उतरायचं, गड चढायचा आणि त्याच बोटीने परत. तिथे बोट हाच रस्ता आहे आणि म्हणून अख्खा दिवस बोटीच्या वेळेवर चालतो, हे एकदा डोक्यात बसलं की वासोटा घरच्या सगळ्यांना जमण्यासारखा आहे, आणि हे विसरलं की चांगल्या तयारीच्या पोरांचीही तिथे दमछाक होताना मी पाहिलीये.

लोक प्लॅन करताना पुण्यातून कधी निघायचं इथून सुरू करतात. तुम्ही उलटं मोजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मेट इंदवलीहून, म्हणजे वासोट्याच्या पायथ्याहून, बामणोलीला यायला बोटीला सव्वा ते दीड तास धरायचा. अंधारात पाण्यावर राहायचं नाही, म्हणजे साडेचारला बोट सुटलीच पाहिजे, म्हणजे चारला सगळे खाली हवेत. उतरायला एरवी दीड तास पुरतो, बाबा आणि मुलगी आहे म्हणून दोन धरा, म्हणजे वरून २ ला निघायचं. वर दीड तास हवा, चढायला अडीच तास, म्हणजे १० ला चढाई सुरू. त्यासाठी साडेआठच्या आत बोटीत बसायचं, परवानगी आणि बोटीच्या नोंदणीला पाऊण तास, म्हणजे पावणेआठला बामणोली. पुण्याहून अंतर साधारण दीडशे किलोमीटर, शेवटचा तुकडा घाटाचा, चहा धरून पावणेचार तास. म्हणजे पहाटे ४ ला गाडीची चाकं फिरलेली हवीत. ५ ला निघालात तर तो एक तास गडावरच्या दीड तासातून जाणार, आणि ६ ला निघालात तर खरं सांगतो, वासोट्याचं नाव काढू नका, त्या दिवशी बामणोली किंवा तापोळ्याला नुसतं बोटिंग करून या, तेही सुंदर आहे, कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम त्याच परिसरात आहे.

रस्ता सरळ आहे. हायवेने सातारा, गावात समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वरचा घाट, मग कासचं पठार, कास तलाव आणि तिथून खाली उतरत बामणोली. पेट्रोल सातारलाच भरून घ्या, घरी फोनही तिथूनच करा कारण पुढे रेंज येते जाते आणि बोट सुटली की गेलीच. रोख पैसे ठेवा, रेंज नसेल तर फोनवरून पैसे जाणार कसे. कासचं पठार डिसेंबरात वाळक्या गवताचं असतं, फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तेव्हा त्याच दिवशी 'जाता जाता कासही' असं करू नका, सप्टेंबरात शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि वासोटा तर पावसाळ्यात बंदच असतो. दोन वेगळे दिवस काढा, दोन्ही जागा तेवढ्या मोलाच्या आहेत, पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या त्यात कासही आहे आणि वासोटा ज्या जंगलात आहे ते कोयना अभयारण्यही.

बामणोलीला आधी वनखात्याची परवानगी, प्रत्येकाचं नाव, सोबत आधार कार्डाच्या झेरॉक्स न्या, वेळ वाचतो. मग बोट क्लबची बोट. भाडं माणशी नसतं, बोटीचं असतं, तुम्ही ८ आहात म्हणजे एक बोट नीट भरते. कोणी म्हणालं की अजून चौघांना तुमच्यात घेऊ, पैसे कमी पडतील, तर बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते विचारा आणि तेवढ्यावर थांबा. एकदा एका ट्रिपला, आयोजक दुसराच होता, मी नुसता सोबत गेलो होतो, १० जणांच्या बोटीत १४ बसवायचं ठरलेलं. मी उतरलो आणि माझ्यामागे अजून पाच उतरले, दुसरी बोट झाली, माणशी थोडे पैसे जास्त गेले. आजही तेच करीन.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. आणि घातलं म्हणजे नुसतं अंगात अडकवलं असं नाही. सगळे पट्टे लावा, मग दुसऱ्या कोणाला तरी सांगा की माझं जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढ. ते वर सरकून कानापर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात ते तोंडावर येईल आणि माणूस खाली राहील. मुलीच्या बाबतीत हे दोनदा बघा, मोठ्याचं जॅकेट लहान पोराला चालत नाही, लहान मापाचं मागून घ्या, नसेल तर मिळेपर्यंत थांबा. बोटीत चढताना कडेवर पाय देऊ नका, मधोमध द्या, एकेकाने, नावाडी हात देतो तो धरा. सॅक खाली मधे ठेवायच्या. वजन दोन्ही बाजूंना सारखं. आणि पलीकडे काही दिसलं, पक्षी म्हणा, गवा म्हणा, की सगळ्यांनी एकदम त्या बाजूला उठून जायचं नाही, हे बसायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा. फोटो बसूनही चांगले येतात.

सकाळचं पाणी आरशासारखं असतं. डिसेंबरात पाण्यावर धुकं तरंगत असतं आणि बोट त्यातून जाते तेव्हा कडेचे डोंगर एकेक करून उघडे होतात. थंडी मात्र बोचरी, बोटीचा वारा लागतो, तेव्हा विंडचीटर आणि कानटोपी हाताशी ठेवा, पुण्यातल्या थंडीवरून अंदाज बांधू नका. बाबांना पुढे बसवू नका, मधे बसवा.

एक सांगतो. एका खेपेला आमच्या बोटीवर नावाडी म्हणून साठीचे मामा होते. अर्धं पाणी ओलांडल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. आम्हाला वाटलं काही बिघडलं. इंजिनाचा आवाज गेल्यावर एकदम इतकी शांतता झाली की बोटीच्या बाजूला चुळुक चुळुक लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. मामा दोरीचं टोक हातात धरून पाण्याकडे बघत म्हणाले, "हितं खाली आमच्या आज्याचं शेत हुतं. नाचणी करायचे. म्या नाय बघितलं, बा सांगायचा." आणि परत इंजिन चालू केलं. पुढे काठ येईपर्यंत बोटीत कोणी मोठ्याने बोललं नाही. कोयना धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं, साठच्या दशकात पूर्ण झालं, भिंत १०३ मीटर उंच, पोटात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी, आणि त्या पाण्याखाली या खोऱ्यातली गावंच्या गावं गेली, माणसं रायगड-सोलापूरपर्यंत पांगली. जी उरली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पोट आता या बोटींवर आहे. म्हणून म्हणतो, बोटीत स्पीकर लावू नका. नावाड्याशी बोला. गावाचं नाव विचारा.

पाण्याची पातळी कळली की अजून एक गोष्ट कळते. कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून कोकणाकडे सोडून वीज करतात, शिवाय खाली नदीतही सोडतात, त्यामुळे ऑक्टोबरात काठोकाठ असलेला शिवसागर मार्च-एप्रिलपर्यंत खूप उतरतो. भरलेला असतो तेव्हा बोट पार झाडीपाशी लागते. उतरला की ती लांब लागते आणि तुम्ही चिखलातून, भेगाळलेल्या गाळातून चालत जाता, येता जाता मिळून पाऊण तास सहज जातो. डिसेंबरात तो प्रश्न नाही. पण पोहायला उतरायचं नाही ते कधीच नाही. काठ दिसतो उथळ, पण ही मुळात नदीची दरी आहे, दोन पावलांवर तळ निघून जातो, खाली गाळ, त्यात जुन्या झाडांचे खुंट, आणि पाणी गार. पाय धुवा, तोंड धुवा, बस.

पायथ्याला वनखात्याची चौकी. इथे पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, बाटल्या किती, वेफर्सची पाकिटं किती, लिहून घेतात आणि डिपॉझिट घेतात, परत येताना तेवढं सगळं दाखवलं की पैसे परत. मला हा नियम मनापासून आवडतो. तुम्ही आधीच सोपं करा, स्टीलच्या बाटल्या, डब्यात पोळी-भाजी, गूळपोळी, शेंगदाण्याचे लाडू, संत्री. मोजायला काही उरतच नाही आणि रांगेतली दहा मिनिटं वाचतात. पाणी मोठ्यांना माणशी ३ लिटर.

आता चढाई. पुणेकराला सांगायचं तर सिंहगड अतकरवाडीकडून चढता त्याच्या जवळपासची, पण इथे पायऱ्या, लिंबू सरबत, ताक काही नाही, आणि निम्म्याहून जास्त वाट गर्द झाडीतून. बाबांचं ठरवायचं असेल तर जायच्या आधी दोन रविवार त्यांना सिंहगडला घेऊन जा. दीड-पावणेदोन तासात आरामात चढले आणि दुसऱ्या दिवशी गुडघे दुखले नाहीत तर वासोटा होईल. चढायला दम लागला तरी चालेल, मी उतरण्याकडे बघतो, कारण वासोट्यावर माणसं थकतात ती उतरताना. त्यांना हृदयाचा, बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि जमणार नाही असं वाटलं तरी त्यांना घरी ठेवू नका. बोटीने आणा, पायथ्याजवळ ओढा आहे, तिथे मारुती आणि गणपती आहेत, भर डिसेंबरात दुपारीही सावली. तिथपर्यंतची वाट सोपी आहे. त्यांच्यासोबत एक मोठं माणूस थांबवायचं, एकट्याला जंगलात बसवायचं नाही. माझे स्वतःचे काका असेच तिथे तीन तास बसले होते, आम्ही परत आलो तर म्हणाले शेकरू बघितलं, पार डोक्यावरच्या फांदीवरून गेलं. आम्हा वर गेलेल्यांना कोणालाच दिसलं नव्हतं.

ओढ्यानंतर वाट जंगलात शिरते आणि चढ वाढत जातो. स्थानिक गाइड घ्याच, वाट तशी मळलेली आहे पण नागेश्वराच्या गुहेतल्या देवळाकडे जाणारा फाटा आहे, आणि गाइडला जनावराचा अंदाज असतो. हे अभयारण्य १९८५ पासूनचं आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वाघ दिसेल म्हणून जाऊ नका, पण गवा, अस्वल, सांबर, भेकर यांचं घर आहे हे डोक्यात असू द्या. गव्याचं शेण, मातीत उमटलेले खूर हे मुलीला दाखवा, तिला ते वरच्या दृश्यापेक्षा जास्त लक्षात राहील. पुढे एक, मागे एक जाणता माणूस, मधे बाकीचे, आणि चाल सगळ्यात हळू माणसाची. पुढच्याने थांबून मागच्यांना येऊ द्यायचं आणि ते आले की लगेच निघायचं ही सवय फार वाईट, कारण ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. ते आले की अजून पाच मिनिटं थांबा.

झाडी संपून कारवी आणि गवत लागलं, ऊन अंगावर आलं की समजायचं गड जवळ आला. मग पायऱ्या, पडका दरवाजा आणि वर बिनछपराचा मारुती. तिथून डावीकडे गेलात की पाण्याचं जोडटाकं आणि पुढे बाबूकडा, इंग्रजी यू अक्षरासारखा कोरलेला प्रचंड कडा, समोरचा डोंगर म्हणजे जुना वासोटा. उजवीकडे महादेवाचं देऊळ आणि पुढे माची, तिथून नागेश्वराचा सुळका आणि खाली कोकण. बाबूकड्यापाशी मुलीचा हात सोडायचा नाही आणि काठापासून दोन माणसं अंतर ठेवून बसायचं, कडेच्या वाळक्या गवतावर बूट घसरतो. जेवण महादेवाच्या देवळापाशी करा. या गडावर कैदी ठेवायचे, १६६१ मध्ये राजांनी पकडलेल्या इंग्रजांपैकी काही इथे होते, आणि पुढे पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हाच गड पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तो घेतला, बाबूकड्यावर उभं राहून समोर बघितलं की ते कसं जमलं असेल ते लगेच कळतं.

दोनची वेळ ठरवून ठेवा. दोनला जो जिथे असेल तिथून परत फिरायचं, दरवाजा समोर दिसत असला तरी. हे मी अनुभवाने सांगतोय. ९-१० वर्षांपूर्वी एका ग्रुपमधल्या दोघांना बाबूकडा बघायचाच होता, मी 'चला, पटकन' म्हणालो, आम्ही पाऊण तास उशिरा निघालो आणि घाईत उतरताना त्यातल्याच एकाचा पाय सुक्या पानांवरून सटकला. पानांखाली गोल दगड होता. घोटा सुजला, बूट काढायची सोय नाही, रेंज नाही. दोन काठ्या आणि दोघांचे खांदे असं करत दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले. नावाडी थांबला म्हणून निभावलं, पण बामणोलीचा धक्का गाठेपर्यंत काळोख झाला होता आणि थंडीने तो मुलगा थडथडत होता. चूक माझी होती, वेळ सांभाळायची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून वेळ झाली की मी निघतो, कोणी रुसलं तरी. आणि सॅकमध्ये क्रेप बँडेज, शिट्टी, प्रत्येकाला एक टॉर्च, एक जाड चादर एवढं असतंच. बुटांचा तळ खाचांचा हवा, मॉलमध्ये घालायचे गुळगुळीत पांढरे बूट त्या पानांवर टिकत नाहीत. मुलीला उतरताना काठी द्या आणि पाय टेकवायच्या आधी काठीने पानं बाजूला करायला शिकवा, तिला तो खेळ वाटेल.

परतीच्या बोटीत दुपारचा वारा असतो, सकाळसारखं पाणी नाही, लाटा लागतात, थोडे शिंतोडे उडतात. घाबरायचं काही नाही, फक्त जॅकेट घामाने नको वाटतं म्हणून काढू नका. फोन-कॅमेरा पिशवीत. सगळे दमलेले असतात, बहुतेक मुलं झोपतात, आणि मागे वासोट्यावर संध्याकाळचं ऊन असतं.

बामणोलीला चहा-भजी खा पण जास्त रेंगाळू नका, कासच्या रस्त्यावर अंधारात गवे येतात, गाडी हळू. जेवण सातारला. आणि तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, या सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त भीती पाण्याची नाही, डोंगराची नाही, रात्री सातारा-पुणे हायवेची वाटते. पहाटे साडेतीनला उठलेला, सहा तास चाललेला माणूस रात्री ९ ला गाडी चालवत असतो. तुमच्यातल्या कोणी चालवू नका. ८ जण आहात, ट्रॅव्हलर किंवा मोठी गाडी ड्रायव्हरसकट करा, आणि त्या ड्रायव्हरला सांगा की आम्ही बोटीत बसलो की तू दिवसभर गाडीत झोप.